केबल काढायची की ठेवायची?

रिचार्ज संपल्याची पाटी पडद्यावर आली की हल्ली बऱ्याच घरांत एकच बोलणं निघतं. सगळं मोबाइलवर दिसतं, मग केबलला पैसे कशाला घालायचे? प्रश्न रास्त आहे. घरात ब्रॉडबँड आलेलं असतं, दोन-तीन ॲपचे पैसे भरलेले असतात आणि वर केबलचे तीन-चारशे रुपये चालूच असतात. तरीही लगेच केबलवाल्याला फोन करून ‘बंद करा’ असं सांगू नका, अशी माझी विनंती आहे. आधी दोन गोष्टी नीट पाहायला हव्यात. तुमच्या बिलात नेमकं काय काय मिळून तो आकडा होतो, ही पहिली. आणि तुमच्या घरात टीव्हीसमोर खरंच कोण बसतं, ही दुसरी. या दोन्हींची उत्तरं मिळाली की बऱ्याच घरांत केबल पूर्ण काढण्याची गरजच उरत नाही, आणि ज्या घरांत काढायला हवी तिथे ती बिनघोर काढता येते.

बिलापासून सुरुवात करू. १ फेब्रुवारी २०१९ पासून देशभर नवी पद्धत लागू झाली. त्याआधी केबलवाला सांगेल ती रक्कम द्यायची आणि तो दाखवेल त्या वाहिन्या पाहायच्या, असा व्यवहार होता. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, बिलाचे दोन भाग केले. पहिला भाग जोडणीचा. त्याला नेटवर्क कपॅसिटी फी म्हणतात, बिलावर तो ‘एनसीएफ’ या अक्षरांनी छापलेला असतो. त्याची कमाल मर्यादा महिन्याला १३० रुपये होती आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे. सुरुवातीला एवढ्या पैशात १०० वाहिन्या मिळत. २०२० च्या दुरुस्तीनंतर त्याच पैशात २०० वाहिन्या द्याव्यात असं ठरलं. जुलै २०२४ मध्ये ट्रायने ही १३० रुपयांची मर्यादाच काढून टाकली आणि दर ठरवण्याची मोकळीक कंपन्यांना दिली. त्यामुळे तुमच्याकडून आज किती घेतले जातात, हे बिलातच पाहावं लागेल.

दुसरा भाग पैसे देऊन पाहायच्या वाहिन्यांचा. प्रत्येक वाहिनीची छापील किंमत ठरलेली असते आणि ती सुटी घेण्याचा तुम्हाला हक्क आहे. वाहिन्यांचे गठ्ठेही असतात, त्यांना बुके म्हणतात. ज्या वाहिनीची किंमत १९ रुपयांपेक्षा जास्त आहे ती बुकेत घालता येत नाही आणि बुकेवर जास्तीत जास्त ४५ टक्के सूट देता येते, असा सध्याचा नियम आहे. आता मुद्द्याकडे येऊ. २०१९ मध्ये वाहिन्या निवडायची मुदत जवळ आली तेव्हा फॉर्म भरायला कुणाला वेळ नव्हता. केबलवाल्याने ‘फॅमिली पॅक’ म्हणून जे सुचवलं ते घराघरांत लागलं. किती तरी घरांत आजही तोच पॅक चालू आहे, फक्त त्याचे पैसे वाढले आहेत. त्यात कुणी कधीही न पाहिलेल्या इंग्रजी सिनेमांच्या वाहिन्या असतात, लहान मुलं मोठी होऊन कॉलेजात गेली तरी कार्टूनच्या असतात, आणि ज्या घरात क्रिकेट कुणी बघत नाही तिथेही क्रीडावाहिन्या असतात. महाग आहे तो हा पॅक.

हिशोब करून पाहू. समजा तुमच्या घरात तीनच मराठी वाहिन्या रोज लागतात आणि बाकी बातम्या, भजन-कीर्तन, दूरदर्शन असं फुकटातलं पाहिलं जातं. तिन्ही वाहिन्या १९ रुपयांच्या धरल्या तरी ५७ रुपये झाले. जोडणीचे १३० धरले तर १८७, आणि जीएसटी धरून २२१ रुपयांच्या आत. वर्षाचे झाले साधारण २,६५०. ज्या घरात महिन्याला ४०० जातात तिथे वर्षाला ४,८०० होतात. म्हणजे केबल न काढताही वर्षाला दोन हजारांहून जास्त वाचले. सुट्या वाहिन्या मागितल्या की काही केबलवाले ‘तसं सिस्टिममध्ये होत नाही’ असं सांगतात. होतं. ट्रायचं वाहिन्या निवडायचं ॲप आहे, कंपन्यांच्या वेबसाइटवर आणि कॉल सेंटरवरही ही सोय असते. शांतपणे पण ठामपणे मागा. बुके घेणं स्वस्त पडतं का तेही पाहा. एकाच कंपनीच्या तीन-चार वाहिन्या हव्या असतील तर कधी कधी बुकेच परवडतो.

आता टीव्हीसमोर कोण बसतं, हे पाहायचं. माझा आग्रह असा की एक कागद टीव्हीजवळ टाचून ठेवा आणि आठवडाभर प्रत्येकाने आपण काय पाहिलं ते त्यावर लिहा. तोंडी विचारू नका, कारण तोंडी सगळेच सांगतात की आपण फारसा टीव्ही बघत नाही. कागदावर वेगळंच चित्र दिसतं. बाबा रात्री बातम्यांच्या दोनच वाहिन्या आलटून पालटून लावतात. आईच्या संध्याकाळच्या दोन मालिका ठरलेल्या आहेत. मुलगी टीव्ही बघतच नाही, ती फोनवरच असते. आजी सकाळी आरती आणि दुपारी जुना मराठी सिनेमा लावते. हा कागद हातात असला की निम्मा निर्णय झालेलाच असतो. घरात दोन टीव्ही असतील तर आतल्या खोलीतल्या टीव्हीला वेगळं शुल्क जातं. तो आठवड्यातून एकदाच लागत असेल तर सगळ्यात आधी तो बंद करा. एचडी वाहिन्या साध्यापेक्षा महाग असतात आणि ३२ इंची किंवा त्याहून लहान पडद्यावर दहा फुटांवरून पाहणाऱ्याला त्यातला फरक फारसा जाणवत नाही. क्रीडावाहिन्या स्पर्धा सुरू होताना घ्या, संपली की काढा.

इतकी छाटणी केल्यावरही केबल जड वाटत असेल तर पुढचा विचार करायचा. इथे पहिला प्रश्न असा की घरात ब्रॉडबँड आधीपासून आहे का? मुलांच्या अभ्यासासाठी किंवा घरून काम करण्यासाठी ते घेतलेलंच असेल, तर टीव्हीसाठी त्याचा वेगळा खर्च धरायचा नाही. मात्र फक्त केबल काढायची म्हणून ब्रॉडबँड घेणार असाल, तर गणित उलटं होऊ शकतं. महिन्याला ३९९ रुपयांचा साधा प्लॅन घेतला तरी जीएसटी धरून ४७१ रुपये होतात, वर्षाचे ५,६५०. छाटलेल्या केबलच्या दुपटीहून अधिक. आणि त्यात अजून एकही ॲप आलेलं नाही.

मोबाइलच्या डेटावर भागेल का? एकट्यादुकट्याचं भागेल, घराचं भागत नाही. साध्या दर्जाचं चित्र तासाला एक जीबीच्या आसपास डेटा खातं, एचडी दोन-तीन जीबी. रोज दीड किंवा दोन जीबी मिळणाऱ्या फोनवरून हॉटस्पॉट देऊन टीव्ही चालवला तर आईची दुसरी मालिका सुरू होईपर्यंत डेटा संपलेला असतो.

ॲपच्या बाबतीत एक गोष्ट मराठी घरांनी विशेष लक्षात घ्यावी. केबलवर सगळ्या मराठी वाहिन्या एका रिमोटवर असतात, ॲपवर त्या वेगवेगळ्या घरांत विखुरलेल्या आहेत. झी मराठी पाहायचं तर झी फाइव्ह. स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी जिओहॉटस्टारवर. सोनी मराठी सोनी लिव्हवर. आईच्या दोन मालिका दोन वेगळ्या ॲपच्या वाहिन्यांवर असतील तर दोन ॲपचे पैसे आले. म्हणूनच तो कागद महत्त्वाचा. सगळ्या मालिका एकाच ॲपवर मिळत असतील तर ॲप स्वस्त पडेल, तिन्हींकडे विखुरल्या असतील तर बहुधा केबलच स्वस्त.

जाहिरातीत दिसणाऱ्या स्वस्त दराचीही चौकशी करा. सगळ्यात कमी किमतीचा प्लॅन बहुतेक वेळा फक्त मोबाइलपुरता असतो, तो टीव्हीवर लागत नाही. जिओहॉटस्टार फेब्रुवारी २०२५ मध्ये सुरू झालं तेव्हा तीन महिन्यांना १४९ रुपयांचा प्लॅन होता, तो एका मोबाइलसाठीच. नेटफ्लिक्सचा १४९ रुपयांचा महिन्याचा प्लॅनही तसाच. शिवाय पैसे भरले म्हणजे जाहिराती गेल्या, असंही आता राहिलेलं नाही. ॲमेझॉन प्राइमने जून २०२५ पासून सिनेमा-मालिकांच्या मध्ये जाहिराती दाखवायला सुरुवात केली, त्या नको असतील तर वेगळे पैसे द्यावे लागतात. हे दर सारखे बदलतात, म्हणून शेजाऱ्याने सांगितलेल्या आकड्यावर न जाता त्या दिवशीचा दर पाहा आणि तो टीव्हीसाठी आहे ना, याची खात्री करा. टीव्ही जुना असेल तर तो इंटरनेटला जोडायला स्टिक किंवा अँड्रॉइड बॉक्स घ्यावा लागेल, त्यासाठी टीव्हीच्या मागे एचडीएमआयची जागा आहे का, तेही आधी बघून घ्या. फक्त लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिना असतील तर काम अवघड होतं.

पैशाच्या पलीकडची एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. ती म्हणजे घरातली वयस्कर माणसं.

मुलगा पुण्यात, आईवडील सांगलीला. मुलगा सुट्टीत येतो, मोठ्या हौसेने स्मार्ट टीव्ही लावतो, केबल बंद करतो, ॲप टाकून देतो, एकदा दाखवतो आणि परत जातो. पंधरा दिवसांनी ॲप आपोआप लॉगआउट होतं. परत आत जायचं तर ओटीपी लागतो आणि तो येतो पुण्यातल्या मुलाच्या फोनवर. मुलगा मीटिंगमध्ये असतो. आई संध्याकाळभर बंद पडद्यासमोर बसते आणि रात्री फोनवर सांगते, ‘काही नाही रे, मला तसंही काही बघायचं नव्हतं.’ असं अनेक घरांत होतं आणि बोललं जात नाही. सत्तरीच्या माणसाला केबलचा रिमोट हाताला सवयीचा असतो. ठरलेला आकडा दाबला की ठरलेली वाहिनी लागते. ॲप उघडलं की समोर शंभर चित्रं येतात, त्यातलं एक चुकून दाबलं की भलतंच सुरू होतं, आणि मागे कसं जायचं ते आठवत नाही. त्यांना शिकता येत नाही, असं मी मुळीच म्हणत नाही. शिकतात, अगदी व्यवस्थित शिकतात. पण त्यासाठी शेजारी बसून आठ-दहा दिवस दाखवणारं माणूस हवं, आणि अडलं की रागावून न बोलणारं हवं.

वेळेचाही भाग आहे. एकट्या माणसाच्या दिवसाला मालिकेच्या वेळेने आकार येतो. दिवेलागण, देवापुढे निरांजन, मग सातची मालिका, साडेसातची, जेवण, बातम्या. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंशी त्या भागावर बोलणं. तोच भाग ॲपवर कधीही पाहता येतो, हे तरुणांना सोयीचं. पण ज्यांच्याकडे वेळच वेळ आहे त्यांना ‘कधीही’ नको असतं, ‘अमुक वाजता’ हवं असतं. टीव्ही चालू ठेवून स्वयंपाकघरात काम करणाऱ्या माणसाला घरात आवाज हवा असतो. आईवडिलांच्या घरची केबल काढायचा निर्णय तुम्ही घेऊ नका. त्यांना विचारा, आणि ‘तुला वाटेल तसं कर’ असं उत्तर आलं तर केबल राहू द्या. महिन्याचे २२१ रुपये त्यासाठी जास्त नाहीत.

ज्यांना महिन्याचा खर्चच नको आहे त्यांच्यासाठी दूरदर्शनची फ्री डिश हा खरा पर्याय आहे, आणि शहरातली माणसं त्याकडे उगाच कमीपणाने पाहतात. डिसेंबर २००४ मध्ये ती डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली. छत्री आणि बॉक्स यांचा एकदाचा खर्च साधारण दीड ते अडीच हजार, त्यानंतर महिन्याला काहीही नाही. दूरदर्शनच्या वाहिन्या, सह्याद्री, बातम्या, हिंदी सिनेमे, काही मराठी वाहिन्या त्यावर मिळतात. खासगी वाहिन्या लिलावात जागा घेऊन तिथे येतात, त्यामुळे यादी बदलत राहते. पण झी मराठी, स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी या पैसे देऊन पाहायच्या वाहिन्या तिथे मिळणार नाहीत, हे आधीच समजून घ्या. ज्या घरात त्यांच्या मालिका पाहिल्या जातात तिथे फ्री डिश आठवडाभरात अडगळीत जाईल. ज्या घरात बातम्या, जुने सिनेमे आणि आषाढीची पंढरपूरची महापूजा एवढंच हवं आहे, तिथे ती पुरून उरेल. गावाकडच्या घरी, जिथे आपण वर्षातून चार वेळा जातो, तिथे तर दुसरं काही लावूच नये.

छत्री बसवताना दोन गोष्टी पाहा. आपल्या महाराष्ट्रातून तिचं तोंड आग्नेयेला करावं लागतं. त्या दिशेला समोरची इमारत किंवा मोठं झाड आडवं येत असेल तर सिग्नल मिळणार नाही. फ्लॅटची गॅलरी पश्चिमेला असेल तर गच्चीवर जागा मागावी लागेल, म्हणजे सोसायटीशी आधी बोलून घ्या. आणि बॉक्स एमपेग-४ प्रकारचा, मान्यताप्राप्त घ्या. जुन्या एमपेग-२ बॉक्सवर सगळ्या वाहिन्या दिसत नाहीत. कोकणात आणि घाटमाथ्यावर मुसळधार पावसात कुठल्याही छत्रीचं चित्र मधून मधून जातं, खासगी डीटीएचचंही जातं. तिथे चांगली केबल असेल तर त्या बाबतीत तीच सरस.

क्रिकेटवाल्यांना एक माहिती उपयोगी पडेल. राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण प्रसारभारतीला द्यावं लागतं, असा २००७ चा कायदा आहे. भारतीय पुरुष संघाचे एकदिवसीय आणि टी-ट्वेंटी सामने त्या यादीत येतात. मात्र २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की हे चित्र दूरदर्शनने स्वतःच्या जमिनीवरच्या केंद्रांवरून आणि फ्री डिशवरूनच दाखवायचं, खासगी केबल आणि डीटीएचवर नाही. म्हणूनच शेजारच्या फ्री डिशवर डीडी स्पोर्ट्सला सामना दिसतो आणि तुमच्या केबलवर त्याच वेळी त्याच वाहिनीवर जुना कबड्डीचा सामना चालू असतो. आयपीएल या यादीत नाही, त्यासाठी पैसे मोजावेच लागतात.

इंटरनेट असलेल्या घरात फुकट मिळणारंही बरंच आहे. एबीपी माझा, टीव्ही नाइन मराठी, झी चोवीस तास, साम अशा बातम्यांच्या वाहिन्या यूट्यूबवर थेट चालू असतात. फक्त बातम्यांसाठी केबल ठेवली असेल तर ती खुशाल काढा. प्रसारभारतीचं वेव्हज हे ॲप नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या चित्रपट महोत्सवात सुरू झालं, त्यावर दूरदर्शनच्या वाहिन्या दिसतात. काही कंपन्यांच्या स्मार्ट टीव्हीत, उदाहरणार्थ सॅमसंगच्या, फुकट वाहिन्यांचा वेगळा विभाग असतो, तो उघडून पाहा. पण ‘सगळे ॲप फुकट’ म्हणून व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या फाइली घरात घेऊ नका. ज्या फोनवर बँकेचं ॲप आहे त्यात अनोळखी फाइल घालण्याइतकी कुठलीच मालिका मोलाची नाही.

तर माझं मत असं. ब्रॉडबँड आहे, घरात सगळे पन्नाशीच्या आतले आहेत आणि मालिका एक-दोन ॲपवर मावतात, त्यांनी केबल काढावी. भाड्याने राहणाऱ्या विद्यार्थ्यांनी आणि नोकरदार मुलांनी ती घेऊच नये. ब्रॉडबँड नाही आणि मराठी मालिका हव्यात, त्यांनी केबल ठेवावी आणि छाटावी. घरात वयस्कर माणसं आहेत, त्यांनी ब्रॉडबँड असलं तरी छोट्या पॅकची केबल ठेवावी आणि त्याऐवजी न वापरलं जाणारं एखादं ॲप बंद करावं. आणखी एक, आपल्या केबलवाल्याचाही विचार मनात असू द्या. तो आपल्याच गल्लीतला असतो, पैसे आठ दिवस मागे-पुढे झाले तर बोलत नाही, गणपतीच्या दिवसांत तार तुटली तर रात्री नऊला येऊन जोडतो. काही गावांत स्थानिक वाहिनीवर पाणी कधी येणार तेही कळतं. कॉल सेंटरवर हे मिळत नाही. ज्या शहरात तुम्हाला ही सेवा मिळते तिथे तिचं मोल धरा. जिथे फोनच उचलला जात नाही, तिथे धरू नका.

निर्णय झाला तरी एकदम तोडू नका, आधी महिनाभर केबल थांबवून चाचणी घ्या. सेवा तात्पुरती थांबवण्याची सोय नियमात आहे. निदान पंधरा दिवस आधी लेखी किंवा ॲपवरून कळवा, आणि पुन्हा सुरू करायला काही शुल्क लागेल का, ते तेव्हाच विचारून घ्या. दहावी-बारावीच्या वर्षी केबल बंद करणाऱ्या घरांनी हाच मार्ग धरावा, परीक्षा संपली की पुन्हा चालू करता येते. चाचणीसाठी मात्र परीक्षेचा महिना निवडू नका, त्या महिन्यात टीव्ही तसाही बंद असतो. साधा महिना घ्या, ज्यात एखादा पाहुणा येऊन जाईल आणि एखाद्या दिवशी वीजही जाईल. वीज गेली की राउटरही जातो, हे त्या दिवशी लक्षात येईल. महिन्याअखेरीस तोच कागद पुन्हा टाचा आणि कुणाचं काय अडलं ते लिहायला सांगा.

ॲप घेताना पहिल्यांदा वर्षाचे पैसे भरू नका, महिन्याचा किंवा तीन महिन्यांचा प्लॅन घ्या. यूपीआयवर ऑटोपे लावलं असेल तर पैसे कापण्याच्या चोवीस तास आधी सूचना यायला हवी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पण तो मेसेज जाहिरातींच्या गर्दीत हरवतो. यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेची वेगळी यादी असते, ती तीन महिन्यांतून एकदा उघडा आणि नको असलेली परवानगी तिथूनच रद्द करा. ॲप फोनमधून काढून टाकलं म्हणून पैसे कापायचे थांबत नाहीत.

केबल कायमची बंद करायची ठरली तर सेट टॉप बॉक्स कुणाच्या मालकीचा आहे, ते जुन्या पावतीवर पाहा. तुम्ही विकत घेतलेला असेल तर तो तुमचाच, पण दुसऱ्या कंपनीच्या जोडणीवर तो चालणार नाही. अनामत देऊन घेतलेला असेल तर बॉक्स, रिमोट आणि अडॅप्टर तिन्ही परत करा आणि अनामतीची रक्कम मागा. परत केल्याची पावती घ्या, त्यावर तारीख आणि बॉक्सचा क्रमांक लिहून घ्या. ती पावती निदान वर्षभर जपून ठेवा, कारण माणूस बदलला की नवा वसुलीवाला जुन्या थकबाकीची यादी घेऊन दाराशी येतो.